दुसऱ्या टोकाची हाळी

१

सकाळचा चहा शेठ करायचा, आणि काकड्याला तेच अवघड जायचं. जन्मभर तो दुसऱ्यांच्या वाड्यांवर राबला होता. कामावर नेणाऱ्याने आपल्या हाताने चहा करावा आणि आपण बसून प्यावा, हे अंगवळणी पडायला त्याला बरेच दिवस लागले. हितेशशेठ मात्र ऐकत नसे. बोटीच्या पोटातल्या लहान शेगडीवर तो आधण ठेवी, आलं ठेची, आणि स्टीलचे दोन ग्लास भरून वर घेऊन येई. काकड्याच्या ग्लासात साखर जास्त.

"पी, काकड्याभाई. साखर कमी झाली की तुझा कोयता चालत नाही."

"कोयत्याचं काय शेठ, माझेच हात चालत नाय आता."

बोटीचं नाव 'हंसा'. ते शेठच्या बायकोचं नाव. ती गेल्यावर शेठने घोलवडकडची चिकूची वाडी पुतण्यांच्या हवाली केली, मुंबईहून एक जुनी शिडाची बोट आणली आणि तिच्यावर राहायलाच गेला. किनाऱ्यावरच्या झाई गावचे लोक तिला शेठची याट म्हणत. काळू तांडेल एक दिवसाआड आपल्या होडीतून पाणी, भाजी, कधी बोंबील घेऊन येई, तेव्हा एकदा तरी म्हणेच, "आम्हाला जमिनीवर जागा नाय म्हणून आम्ही होडीत झोपतो. तुम्हाला काय दुखतंय, शेठ?"

"जमिनीवर झोप येत नाही रे, काळू."

"मग झोपायचं कशाला? जाळ्यावर या माझ्या."

हे काळूला दोनदा सांगावं लागे, कारण शेठला ऐकू कमी यायचं. समोर तोंड करून बोललं तर कळायचं. पाठीमागून हाक मारली तर सगळी झाई गोळा झाली तरी तो वळायचा नाही. डोलकाठीवर दोरी वाऱ्याने टक, टक आपटत राही. काकड्याला त्या आवाजाने सुरुवातीला झोप लागेना, शेठला तो आवाज असतो हेच माहीत नव्हतं. शेठ होताही उंच. उन्हासाठी मागच्या बाजूला ताडपत्री बांधली होती, ती बुटक्या काळूने आपल्या मापाने बांधलेली. तिच्याखाली शेठ कायम कमरेत वाकून वावरे.

बोट नांगरलेली होती तिवरबेटाच्या आडोशाला. खाडीच्या तोंडाशी हे लहानसं बेट. कधीकाळी तिथे दहाबारा घरं होती. विहिरीचं पाणी खारं झालं आणि माणसं उठून गेली. वाटा राहिल्या, मग वाटांवर करवंद आणि घाणेरी चढली. शेठच्या मनात होतं की त्या वाटा पुन्हा उघडाव्यात. लोकांनी यावं, विहीर बघावी, पश्चिमेच्या टोकाला देवाचा दगड आहे तिथवर चालावं, परत जावं. ह्यात त्याला मिळायचं काही नव्हतं.

निघायच्या दिवशी शेठची मुलगी रुपल झाईच्या किनाऱ्यावर आली होती. लहानपणी ती काकड्याच्या खांद्यावर बसून वाडीत फिरलेली. बापाची पिशवी होडीत ठेवून ती काकड्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, बाबांना एकटं सोडू नका. त्यांना हाक ऐकू येत नाही. तुम्ही त्यांना घरी आणायचं. तुमच्यावर सोडते आहे."

"आणीन गं बाय," काकड्या म्हणाला. त्याने आयुष्यात फार थोड्या गोष्टी कबूल केल्या होत्या, आणि केलेल्या विसरला नव्हता.

ओखी वादळाची हूल येऊन गेली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

२

काकड्या तलासरीकडच्या झरी गावचा. तरुणपणापासून फारेस्टाच्या जाळरेषा, वणवा अडवायच्या मोकळ्या पट्ट्या, तोडायला जायचा तो, आणि जोडीला लडक्या. दोघं एका आळीतले. त्यांची कामाची रीत अशी होती, की वाट कधी एका बाजूने उघडायची नाही. एकाने ह्या टोकाला उभं राहायचं, दुसऱ्याने त्या टोकाला. मध्ये रान. मग ह्याने हाळी द्यायची, होऽऽऽ, आणि त्याने तिकडून उत्तर द्यायचं. आवाजाच्या रोखाने तोडत यायचं. पुन्हा थांबायचं, पुन्हा हाळी. असं करत दोघं बरोबर मध्ये भेटत.

भेटले की लगेच घरी जायचं नाही. आधी तंबाखू मळायची, एकमेकांना द्यायची. मग काकड्याने लडक्याच्या वाटेने चालत जायचं, आणि लडक्याने काकड्याच्या. दुसऱ्याचं काम आपल्या पायांनी बघायचं. ज्या टोकाला तो उभा होता तिथे आपण पोचायचं, आपण होतो तिथे त्याने. तोवर काम पुरं झालं असं दोघंही मानत नसत. ही रीत कोणी घालून दिली ते काकड्याला ठाऊक नव्हतं. त्याचा बापही तसंच करी.

लडक्या त्या पावसाळ्यात तापाने गेला.

बेटावर वाळूच्या पुळणीपासून विहिरीपर्यंतची वाट काकड्याने एकट्याने उघडली. शेठ मागून फांद्या ओढून बाजूला टाकी. विहिरीपाशी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पुढे दाट जाळी. काकड्याने घाम पुसला, कोयता कमरेच्या आकडीत अडकवला, आणि काही मनात नसताना, नुसत्या सवयीने, तोंडाशी हात नेऊन हाळी दिली.

होऽऽऽ.

दिली आणि तोच ओशाळला. कोणाला देतोस, म्हाताऱ्या?

थोड्या वेळाने जाळीच्या पलीकडून, पश्चिमेकडून, उत्तर आलं. होऽऽऽ.

काकड्याने शेठकडे पाहिलं. शेठ विहिरीत वाकून बघत होता.

"शेठ, कोणी ओरडलं का?"

"मला विचारतोस?" शेठ हसला, हनुवटीवर खळी पडली. "तूच तर ओरडलास. ऐकू नाही आलं, पण तुझे गाल फुगलेले दिसले. शिकव मला."

त्याने शेठला शिकवलं. शेठची हाळी मध्येच चिरकायची, वयात येणाऱ्या पोराच्या आवाजासारखी. दोघं हसले. शेठने पुन्हा पुन्हा करून पाहिली, आणि प्रत्येक वेळी ती त्याच जागी फाटली. त्या हाळीला कोणी उत्तर दिलं नाही. जाळीपलीकडे फक्त शांत होतं, कोणीतरी कान देऊन ऐकावं इतकं.

३

"तिकडून कोणी उतरत नाय," काळू म्हणाला. "सगळा काळा खडक. लाट फुटते तिथे. होडी नेली तर तिची लाकडं गोळा करत बसावं लागेल."

"लाकूडतोडे येत असतील. उंबरगावकडचे."

"बाबा, पोहत येतील का ते? आणि मोळी डोक्यावर घेऊन पोहत जातील?"

काकड्या तंबाखू मळू लागला. आवाज फिरून येतो हे त्याला माहीत होतं. डोंगरात राहिलेल्या माणसाला ते कोणी सांगायला नको. पण बेटावर डोंगर नव्हता. ताडाची चार झाडं सोडली तर उंच असं काहीच नव्हतं.

ओहोटी लागली तसा तो आणि शेठ कडेकडेने, चिखल आणि तिवरांची मुळं तुडवत, पश्चिम टोकाला गेले. देवाचा दगड जागेवर होता. शेंदूर केव्हाच धुऊन गेलेला. दगडाच्या मागून रानात एक वाट शिरत होती.

ती ताजी तोडलेली होती. फांद्यांच्या टोकांना चीक ओला होता.

शेठला कोण आनंद झाला. "अरे वा! आपल्यासारखं आणखी कोणीतरी वेडं आहे म्हणजे!"

काकड्या उकिडवा बसला आणि वाटेत बघत राहिला. पहिल्यांदा त्याला कळलं नाही काय चुकतंय. वाट सरळ होती, विहिरीच्या रोखाने. काम चांगलं होतं, लडक्याच्या तोडीचं. मग त्याच्या ध्यानात आलं की ती कमरेएवढीच आहे. कमरेच्या वर एक काडी तोडलेली नव्हती. वरच्या फांद्या, वेली, करवंदाचे काटे, सगळं एकमेकांत विणलेलं तसंच होतं, आणि खाली मात्र मोकळं बोगद्यासारखं. वाट काढणारा माणूस आधी डोक्याला लागणारी फांदी तोडतो. ही काढणाऱ्याच्या डोक्याला काही लागलंच नव्हतं.

"डुकराची असेल," शेठ म्हणाला.

"डुक्कर कोयता चालवत नाय, शेठ."

आणखी एक होतं. एवढी तोड झाली, पण तोडलेली एक फांदी कुठे पडलेली नव्हती. पाला नाही, काटकी नाही. जमीन झाडून घेतल्यासारखी.

काकड्याने एक काप बोटाने चाचपला. लडक्या डावखुरा होता. हा काप डाव्या हाताचा वाटत होता. वाटत होता म्हणायचं, कारण कापाकडे ज्या मनाने बघावं तसा तो दिसतो. त्या रात्री झोपताना त्याने मनाशी ठरवून टाकलं की लडक्याच आहे. त्याच्या बायकोने, गंगीने, त्याचे दिवस अजून घातले नव्हते. भात घरात आल्यावर घालणार होती. तोवर बिचारा कुठे जाणार? जिवंतपणी कामाशिवाय बसला नाही, आताही बसवत नसेल. असा विचार केल्यावर त्याला बरं वाटलं. भीती गेली, थोडं रडूही आलं.

४

मग बरेच दिवस तसंच चाललं. सकाळी चहा, मग बोटीला बांधलेल्या छोट्या होडीतून बेट, मग हाळी. काकड्या विहिरीकडून तोडत जाई. हाळी दिली की उत्तर येई, आणि ते रोज जवळ येत होतं. शेठला तो काही बोलला नाही. काय बोलणार? माझा मेलेला जोडीदार कामावर आलाय?

एका सकाळी दोन्ही वाटांमध्ये थोडीच जाळी उरली होती, अंगणाएवढी. काकड्याने तोंडाशी हात नेला. छातीत श्वास भरला.

आणि उत्तर आलं.

हाळी अजून त्याच्या तोंडातच होती. होऽऽऽ, पलीकडून, अगदी जवळून, खालून; उभ्या माणसाच्या तोंडातून येतो तेवढ्या उंचीवरून तो आवाज आला नाही. आणि ऐकता ऐकता काकड्याला वाटलं, हा लडक्याचा आवाज नाही. हा माझाच आहे.

त्याने हात खाली घेतला. कोयता आकडीत घातला. शेठच्या समोर जाऊन उभा राहिला. "शेठ, आज बस. चला."

"अरे, थोडंच राहिलंय. आज मोकळी होईल."

"नाय. चला तुम्ही."

शेठने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता निघाला. हा त्याचा मोठा गुण होता.

दुपारी काळू निरोप घेऊन आला. गंगीने कळवलं होतं की उद्या लडक्याचे दिवस आहेत, जोडीदार आल्याशिवाय करायचे नाहीत. काकड्याला ते बरंच वाटलं. सकाळी कानांना काहीही वाटलं तरी लडक्याच असणार; तो एकदा मार्गी लागला की सगळं थांबेल. पण शेठला एकटं ठेवायचं कसं?

"तुम्ही चला माझ्याबरोबर. नाहीतर काळूच्या घरी राहा एक दिवस."

"आणि बोट? वारा फिरला, नांगर सुटला तर? जा तू. मला काय पोर समजतोस?"

"शेठ, बेटावर पाय ठेवायचा नाय. उरलेल्या जाळीला हात लावायचा नाय. मला शब्द द्या."

"दिला. बोटीवरच बसतो. काळूची होडी दिसली की चहा ठेवतो, तू चढशील तेव्हा गरम मिळेल. झालं?"

काकड्या होडीत उतरला. मागे वळून पाहिलं तेव्हा शेठ गवती हॅट घालून ताडपत्रीखाली वाकून उभा होता आणि हात हलवत होता.

५

झरीत दिवस नीट झाले. माणसं जमली, गाणाऱ्याने लडक्याला त्याच्या वाडवडिलांपर्यंत सोडून दिलं, भगताने विचारायचं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गंगी पानावर भात वाढत होती. ती वयाने काकड्याएवढीच, आणि तिची जीभ अजून तशीच धारेची.

"गेला रे," ती म्हणाली. "नीट गेला. दाराशी घुटमळलाही नाय. माझी म्हणावी तर आठवणसुद्धा काढली नसेल."

"माझ्याकडे आला होता, गंगे. बेटावर." काकड्याने हळू आवाजात तिला सगळं सांगितलं. हाळी, ओला चीक, डावा काप.

गंगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मेल्यावर तरी त्याला कामाला जुंपू नको, बाबा. जिवंतपणी जुंपलास तेवढं पुरे." शेजारच्या बायका हसल्या. गंगी हसली नाही. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"कमरेएवढी वाट, म्हणालास?"

"हां."

"लडक्याने काढली?" तिने घराच्या दाराकडे बोट केलं. चौकटीच्या वरच्या लाकडाला मध्येच एक खाच घेतलेली होती. "ती बघ. डोकं आपटतं म्हणून शिव्या देऊन देऊन शेवटी त्याने लाकूड तासलं. आख्ख्या आळीत त्याच्याएवढा उंच कोण होता? तो वाकून वाट काढील? तुझी अक्कल कुठे गेली, काकड्या?"

काकड्याच्या हातातला घास तसाच राहिला. मागे अंगणात कोंबड्या टोचत होत्या, कोणीतरी पाणी ओतत होतं. सगळं जसं असायला हवं तसं होतं. आणि तो विचार करत होता, की मग मी इतके दिवस कोणाला बोलावत होतो.

पान तसंच टाकून तो उठला.

६

तलासरीहून झाईकडे जाणारी इको गाडी भरल्याशिवाय सुटेना. काकड्या कधी कोणावर ओरडला नव्हता, त्या दिवशी ड्रायव्हरवर ओरडला. किनाऱ्यावर पोचला तेव्हा दुपार कलंडली होती, भरती चढत होती. काळू जाळं शिवत बसला होता. त्याने म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं आणि जाळं टाकून होडी काढली.

बोट लांबूनच दिसली. ऊन इतकं लख्ख होतं की डोलकाठीची सावली पाण्यावर मोडत मोडत आलेली दिसत होती. मागच्या बाजूला कोणीतरी बसलं होतं. गवती हॅट, पांढरा सदरा, पाठमोरं.

"हा बसलाय की शेठ!" काळूने श्वास सोडला. "उगाच माझा जीव काढलास."

तेवढ्यात बेटावरून, पार पश्चिमेच्या टोकाकडून, हाळी आली.

होऽ, आणि मध्येच चिरकली, ऽऽ.

काळूने वल्हं उचललेलं तसंच धरलं. "हे... हे तर..."

"शेठ." काकड्याने पश्चिमेकडे बोट केलं. "तिकडे शेठ आहे."

त्याच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. शेठला राहवलं नाही. उरलेली जाळी त्याने तोडली. वाटा भेटल्या. आणि वाटा भेटल्या की काय होतं, ते काकड्याएवढं कोणाला ठाऊक होतं? ह्या बाजूचा त्या वाटेने जातो, आणि त्या बाजूचा ह्या वाटेने येतो. ह्या टोकाला होती बोट.

बोटीवरचं माणूस उठलं. ताडपत्रीखाली कमरेत वाकलेलं होतं. त्याने होडीच्या दिशेने हात वर केला. हातात काहीतरी उन्हाने चमकलं.

"कोयता," काकड्या म्हणाला. "काळू, बघू नको तिकडे. होडी पुळणीला घे."

"अरे पण एकदा हाक तरी..."

"तोंड उघडू नको! पुळणीला घे!"

होडी वळली. काळू पुटपुटत वल्हवत होता, देवीचं नाव घेत होता. पाण्यावरून डोलकाठीची टक, टक येत राहिली, आणि बोटीवरून एकदा कसलासा आवाज आला, भांडं ठेवल्यासारखा. काकड्याने मान वळवली नाही.

पुळणीवर उतरून तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. हाळी द्यायची म्हणजे बोटीवरचंही ऐकणार. पण न द्यावी तर शेठ खडकात अडकणार, भरती चढतेय, आणि रुपलला सांगितलंय, आणीन. त्याने तोंडाशी हात नेला आणि होती नव्हती ती ताकद लावून हाळी दिली.

उत्तर चिरकत आलं. मग जवळून. मग आणखी जवळून. मग पानांची सळसळ, आणि वाटेतून शेठ आला. डोक्यावर हॅट नव्हती, अंगभर पाला चिकटलेला. तो कमरेत वाकून चालत होता, हात गुडघ्यांपर्यंत लोंबत.

"शेठ! चला, लवकर चला."

शेठने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. तोच चेहरा, तीच हनुवटीवरची खळी.

"आता सरळ व्हा, शेठ. इथे वाट उंच आहे."

शेठला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो हळूहळू सरळ झाला, कोणी शिकवल्यासारखा.

दोघांनी त्याला होडीत घातलं आणि सरळ झाईच्या रोखाने निघाले, बोटीला लांबून वळसा घालून. काकड्या शेठचा हात घट्ट धरून बसला होता. एकदाच त्याच्या डोळ्यांच्या कडेला दिसलं, की बोटीवरचं माणूस कठड्याशी येऊन दोन्ही हात हलवत होतं, जोरजोराने.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी काळू आणि काकड्या बोट आणायला गेले. रात्रीत शेठला रुपल डहाणूच्या घरी घेऊन गेली होती. किती वेळा तिने काकड्याचे हात धरले.

बोटीवर कोणी नव्हतं. काळू आधी चढला, खाली वाकून बघून आला, मग म्हणाला, "बाबा, ये. काही नाय."

ताडपत्रीखाली फळीवर चहाचं भांडं होतं, तळाला आलं बसलेलं. शेजारी स्टीलचे दोन ग्लास. एक अर्धा प्यालेला. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली, त्यात दोन मुंग्या. काकड्याने तो उचलला आणि ओठाला लावला.

साखर जास्त होती.

तो तिथेच खाली बसला. काळू विचारत होता, काय झालं, काय झालं. ग्लास काकड्याच्या हातात होता. उन्हात तो चमकत होता.

शेठने शब्द पाळला होता. बेटावर पाय ठेवला नव्हता. होडी दिसली तेव्हा चहा ठेवला आणि पाठमोरा बसून गाळला. होडीची चाहूल त्याला कशी ऐकू येणार? मग उठला, ताडपत्रीखाली वाकून, आणि ग्लास उंच धरून दाखवला. होडी वळून निघून गेली.

"छोटी होडी कुठाय?" काळूने विचारलं. बोटीला बांधलेली शेठची छोटी होडी जागेवर नव्हती.

ती पुळणीवर ओढून ठेवलेली सापडली. तिच्यापासून शेठच्या सपातांचे ठसे वाटेत शिरले होते, लांब ढांगांचे, घाईघाईचे. आपली माणसं आपल्याला टाकून का गेली, ते विचारायला निघालेल्या माणसाचे.

काकड्या ठशांवरून विहिरीपर्यंत गेला. विहिरीच्या पुढे त्याने स्वतः तोडलेली वाट होती, आणि त्याच्या वाटेच्या शेवटाला जाळी. जुनी, वाळलेली, वर्षानुवर्षांची घाणेरी, बुंध्यांना कोळ्यांची जाळी. पलीकडे कसलीही वाट नव्हती. ठसे त्या जाळीपाशी जाऊन संपले होते. सपाता तिथेच होत्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा, जोडीने.

काकड्याने हाळी दिली. दिवसभर दिली. आवाज बसला तरी दिली. काळूने शेवटी त्याला ओढून नेलं.

एकदाही उत्तर आलं नाही.

८

रुपलचं घर डहाणूला, समुद्राजवळ. नवीन, उंच दारांचं. काकड्या बऱ्याच दिवसांनी गेला. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाऊन चालत नव्हतं.

"या ना काका! बाबा, बघा कोण आलंय!" ती हसत होती. तब्येतीने भरली होती. "किती सुधारलेत बघा. जेवतात, झोपतात. बोटीचं नावसुद्धा काढत नाहीत. तुम्ही आणलंत म्हणून, काका. माझ्या आईच्या मागे हेच तर उरले होते मला."

शेठ खुर्चीत बसला होता. काकड्याने नमस्कार केला. शेठ हसला, खळी पडली.

"वाट छान झाली," तो म्हणाला.

रुपल चहा ठेवायला आत गेली, आणि आतूनच, पाठमोरी, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, साखर चालेल ना?"

"चालेल," शेठ खुर्चीतून म्हणाला.

चहा आला तेव्हा काकड्याने तो तसाच खाली ठेवला. शेठ उठून आतल्या खोलीत गेला. दार त्याच्या डोक्याच्या हातभर वर होतं, तरी चौकटीपाशी तो कमरेत वाकला, आणि पलीकडे गेल्यावरही तसाच चालत राहिला.

"पाठीने धरलंय थोडं," रुपल म्हणाली.

काकड्याने तिच्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी आलेलं ते निवांतपण होतं. तो म्हणाला, "येतो बाय. जप."

फाटकाशी येऊन तो थांबला. रस्त्यावर ऊन होतं, सुरूंची झाडं वाऱ्याने घोंगावत होती, मासळीवाली टोपली घेऊन गेली. त्याच्या मनात आलं, एकदाच खात्री करावी. मग जे काय करायचं ते करता येईल. इथून, रस्त्यावरून, हळूच एक हाळी द्यावी. शेठ असेल तर त्याला ऐकूच येणार नाही.

त्याने तोंडाशी हात नेला. छातीत श्वास भरला.

घराच्या आतून उत्तर आलं. लांब, सरळ, एका दमात, कुठेही न चिरकता.